जॉन डिकिन्सन आणि २ जुलै १७७६ ची गैरहजेरी

२ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेतल्या तेरा इंग्रज वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, इंग्लंडशी असलेले नाते तोडण्याचा ठराव संमत केला, तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या सात प्रतिनिधींपैकी दोघे मतदानात नव्हते. एक होता व्यापारी रॉबर्ट मॉरिस आणि दुसरा वकील जॉन डिकिन्सन. काँग्रेसमध्ये प्रत्येक वसाहतीला एकच मत होते आणि ते मत त्या वसाहतीच्या प्रतिनिधींच्या बहुमताने ठरत असे. आदल्या दिवशीच्या चाचणी मतदानात या सातांनी चार विरुद्ध तीन असा ठरावाविरुद्ध कौल दिला होता. दोघे बाजूला राहताच उरलेल्या पाचांचा कौल तीन विरुद्ध दोन असा उलटला आणि पेनसिल्व्हेनियाचे मत स्वातंत्र्याच्या पारड्यात पडले.

पार्लमेंटने लादलेल्या करांविरुद्ध वसाहतींना सर्वांत भक्कम युक्तिवाद ज्याने पुरवला, तो माणूस हाच डिकिन्सन होता. त्याने स्वातंत्र्याच्या ठरावाला विरोध का केला, आणि मत बदललेले नसताना ते नोंदवण्याऐवजी तो दूर का राहिला, हे या प्रकरणातले दोन प्रश्न आहेत. पहिल्याची ठरलेली उत्तरे तीन आहेत: तो भित्रा होता, तो फार श्रीमंत होता, किंवा त्याच्यावर क्वेकर पंथाच्या शांततावादाचा पगडा होता. माझ्या मते तिन्ही उत्तरे अपुरी पडतात. १७७६ मध्ये त्याने जे मांडले ते बारा वर्षांपूर्वी एका वेगळ्याच वादात मांडलेल्या भूमिकेशी जवळजवळ शब्दशः जुळते, आणि ती भूमिका समजून घ्यायची तर त्याची वकिली आणि त्याची जमीन यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

डिकिन्सनचा जन्म १७३२ मध्ये मेरीलँडच्या टॅल्बट काउंटीत झाला. वडील सॅम्युएल तंबाखूचे मोठे मळेवाले होते. जॉन आठ-नऊ वर्षांचा असताना कुटुंब डेलावेअरच्या केंट काउंटीत, डोव्हर गावाजवळच्या नव्या घरात राहायला गेले. मेरीलँडची सनद कॅल्व्हर्ट घराण्याकडे होती, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर पेन घराण्याच्या ताब्यात होते, आणि या दोन घराण्यांमधली हद्द कुठून जाते याचा वाद तेव्हा पिढ्यानपिढ्या चालू होता. मेसन आणि डिक्सन या मोजणीदारांनी १७६३ ते १७६७ या काळात रेषा आखली तेव्हा कुठे तो मिटला. डिकिन्सन कुटुंबाच्या जमिनी या वादग्रस्त हद्दीच्या दोन्ही बाजूंना होत्या. सनदेतल्या एका संदिग्ध वाक्यापायी शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर कसा उठू शकतो, हे अशा घरातल्या मुलाला मुद्दाम शिकवावे लागत नाही.

फिलाडेल्फियात जॉन मोलंड या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करून डिकिन्सन १७५३ मध्ये लंडनच्या मिडल टेंपल या वकिली शिकवणाऱ्या संस्थेत दाखल झाला. १७५४ च्या पार्लमेंट निवडणुकीतली उघड लाचलुचपत पाहून त्याने आईवडिलांना जी पत्रे लिहिली, त्यांत इंग्लिश राज्यघटनेविषयीचा आदर आणि ती चालवणाऱ्या माणसांविषयीचा वीट शेजारी शेजारी आढळतो. १७५७ मध्ये परतल्यावर त्याने फिलाडेल्फियात वकिली सुरू केली. डेलावेअरच्या तीन काउंट्या आणि पेनसिल्व्हेनिया यांचा गव्हर्नर एकच असला तरी असेंब्ली, म्हणजे विधिमंडळे, वेगळी होती. जमीन एकीकडे आणि वकिली दुसरीकडे असलेल्या डिकिन्सनला दोन्ही ठिकाणी निवडून येता आले. १७६० मध्ये तो डेलावेअरच्या असेंब्लीचा सभापती झाला आणि १७६२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या असेंब्लीत गेला. १७७० मध्ये त्याने मेरी नॉरिसशी लग्न केले. ती पेनसिल्व्हेनियाच्या असेंब्लीचा सभापती राहिलेल्या आयझॅक नॉरिसची मुलगी होती, आणि तिच्याबरोबर फिलाडेल्फियाच्या उत्तरेचा फेअरहिल हा वाडा व नॉरिस घराण्याचे प्रसिद्ध ग्रंथालयही आले.

१७६४ चा वाद असा होता. पेन घराणे आपल्या खासगी जमिनींवर कर भरायला खळखळ करत होते, लोक चिडलेले होते, आणि बेंजामिन फ्रँकलिन व जोसेफ गॅलोवे यांनी असेंब्लीत असा आग्रह धरला की पेन घराण्याची सत्ता काढून घेऊन पेनसिल्व्हेनिया थेट राजाच्या अमलाखाली आणण्यासाठी अर्ज करावा. लोकप्रिय बाजू तीच होती. २४ मे १७६४ रोजी डिकिन्सन तिच्याविरुद्ध उभा राहिला. पेन घराण्याचे वर्तन त्याने कुठेही योग्य ठरवले नाही. त्याचा मुद्दा एवढाच होता की, १७०१ च्या सनदेने या वसाहतीला धर्मस्वातंत्र्य आणि असेंब्लीचे जे अधिकार दिले आहेत ते राजाच्या अमलात टिकतील याची लेखी हमी कुणाकडे आहे काय? हातातला दस्त आधी परत करायचा आणि नवा काय येतो त्याची वाट पाहायची, हा व्यवहार त्याला मान्य नव्हता. सभागृहात त्याला मोजक्याच लोकांची साथ मिळाली आणि लोकप्रियतेला फटका बसला. हा प्रसंग एवढ्यासाठी लक्षात ठेवायचा की, त्या वेळी तो राजाच्या विरोधात आणि १७७६ मध्ये राजाच्या बाजूने उभा राहिल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात दोन्ही वेळा त्याची हरकत घाईला आहे आणि नव्या व्यवस्थेचा मसुदा तयार नसण्याला आहे.

१७६५ मध्ये छापील व कायदेशीर कागदांवर कर बसवणाऱ्या स्टँप कायद्याविरुद्ध न्यू यॉर्कमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, तेव्हा हक्क आणि गाऱ्हाणी यांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याचा मोठा वाटा होता. पण त्याचे नाव घरोघर गेले ते डिसेंबर १७६७ पासून वर्तमानपत्रातून आलेल्या, पेनसिल्व्हेनियाच्या एका शेतकऱ्याच्या नावाने लिहिलेल्या बारा पत्रांमुळे. काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर पार्लमेंटने बसवलेल्या टाउनशेंड जकातींचा त्यांत समाचार घेतला होता. वसाहतींत तोवर एक सोयीचा भेद रूढ झाला होता: अंतर्गत कर बेकायदा, बंदरावरची जकात चालेल. डिकिन्सनने हा भेदच मोडीत काढला. व्यापाराला वळण लावण्यासाठी घेतलेली जकात पार्लमेंटच्या अधिकारात येते, परंतु महसूल गोळा करण्याच्या हेतूने घेतलेली जकात हा करच होय आणि तो लोकांच्या संमतीवाचून घेता येत नाही, अशी रेषा त्याने आखली. वसाहतींमधल्या बहुतेक इंग्रजी वर्तमानपत्रांनी ही पत्रे छापली आणि १७६८ मध्ये खुद्द फ्रँकलिनने प्रस्तावना लिहून ती लंडनमध्ये काढली.

पत्रांचा लेखक स्वतःची ओळख डेलावेअर नदीकाठचा, लहानशा शेतावर समाधानाने राहणारा, थोडी रक्कम व्याजाने लावलेला माणूस अशी करून देतो. प्रत्यक्षात तो फिलाडेल्फियातला नामांकित वकील होता आणि हजारो एकरांच्या घराण्यातला होता. शेत कसणारे दुसरे होते, त्यांत कुळेही होती आणि गुलामही. आपल्या संमतीवाचून ज्यांच्यावर कर बसतो ते गुलामच, तेव्हा आपण गुलाम आहोत, असे जो सातव्या पत्रात मोठ्या अक्षरांत लिहितो त्याच्या मालकीची माणसे त्या वेळी केंट काउंटीत राबत होती. हे त्याला पुढे टोचले असावे. १७७७ मध्ये त्याने त्यांना काही वर्षांच्या सेवेच्या अटीवर आणि १७८६ मध्ये विनाअट मुक्त केले. या बाबतीत तो आपल्या वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे होता, पण ‘लहानसे शेत’ ही वकिली कल्पना होती हे विसरता कामा नये.

१७७५ च्या उन्हाळ्यात, लेक्सिंग्टन आणि बंकर हिलच्या लढाया होऊन गेल्यावर, काँग्रेसने दोन दस्तऐवज दोन दिवसांच्या अंतराने पुढे केले: शस्त्रे का उचलावी लागली याचा जाहीरनामा आणि राजाला शेवटचा विनंतीअर्ज. पहिला जेफरसन व डिकिन्सन यांच्या हातचा आहे, दुसरा मुख्यतः डिकिन्सनचा. याच दुटप्पी वाटणाऱ्या धोरणाने काँग्रेसमधला स्वातंत्र्यवाद्यांचा पुढारी जॉन ॲडम्स संतापला. २४ जुलैच्या खासगी पत्रात त्याने नाव न घेता डिकिन्सनला मोठ्या दौलतीचा आणि खुज्या बुद्धीचा माणूस म्हटले. इंग्रजांनी ते पत्र वाटेत पकडून छापले. सप्टेंबरमध्ये दोघे रस्त्यात समोरासमोर आले तेव्हा डिकिन्सन टोपी, मान किंवा हात काहीच न हलवता पुढे निघून गेला, अशी नोंद ॲडम्सने रोजनिशीत केली आहे. डिकिन्सनविषयी नंतर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे ॲडम्सच्या लेखणीतून आलेले आहे, म्हणून हा वैयक्तिक दुरावा पुराव्याचा भाग समजायला हवा. आई आणि बायको यांनी घाबरवल्यामुळे डिकिन्सन डळमळला ही गोष्टसुद्धा ॲडम्सने पुष्कळ वर्षांनी, ऐकीव म्हणून नोंदलेली आहे.

राजाने अर्ज स्वीकारला नाही आणि २३ ऑगस्ट १७७५ रोजी वसाहती बंडखोर असल्याचे घोषित केले. तरीही ९ नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनियाच्या असेंब्लीने आपल्या प्रतिनिधींना सूचना दिली की, इंग्लंडपासून फुटून निघण्याकडे नेणारा कोणताही प्रस्ताव आल्यास तो फेटाळावा. तिचा मसुदा डिकिन्सनचा होता. १७७६ च्या वसंतात त्याच्या पायाखालची जमीन सरकली ती या असेंब्लीमुळे. १ मे रोजी फिलाडेल्फियातल्या चार जागांच्या निवडणुकीत मवाळांनी तीन जिंकल्या, त्यामुळे मतपेटीतून असेंब्ली बदलणार नाही हे जहालांना कळून चुकले. १५ मे रोजी काँग्रेसने ॲडम्सने लिहिलेली प्रस्तावना संमत करून राजाच्या नावाने चालणारी सत्ता संपुष्टात आणावी असे जाहीर केले आणि २० मे रोजी भर पावसात स्टेट हाउसच्या आवारात हजारो लोकांनी सभा घेऊन असेंब्लीवर अविश्वास दाखवला. जूनमध्ये असेंब्लीने सूचना सैल केल्या, त्यातही स्वातंत्र्य हा शब्द टाळला. मग सभासद येईनासे झाले आणि गणपूर्तीअभावी कामकाज थांबले. डिकिन्सन ज्या संस्थेचा वकील म्हणून काँग्रेसमध्ये बसला होता, ती संस्थाच उरली नव्हती.

१ जुलैला, बंद दाराआड, त्याने शेवटचे भाषण केले. भाषणाचा शब्दशः वृत्तांत नाही, पण त्याच्या हस्ताक्षरातली टिपणे उपलब्ध आहेत आणि ती वाचताना एखाद्या मोठ्या दाव्याचा कैफियतीचा कागद वाचल्यासारखे वाटते. आपली एके काळची अवास्तव आणि आता घसरलेली लोकप्रियता आजच्या वागण्याने पुरती संपेल, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले. पुढचे मुद्दे असे येतात. परदेशी मदत जाहीरनाम्याने मिळत नाही, रणांगणावरच्या यशाने मिळते. फ्रान्सकडे चाचपणीसाठी माणूस पाठवला आहे, त्याचे उत्तर येऊ द्यावे. जाहीरनाम्यामुळे इंग्लंड अधिक क्रूर होईल, किनाऱ्यावरची गावे जळतील आणि सरहद्दीवरच्या इंडियन जमाती आपल्यावर सोडल्या जातील. नवे घर उभे राहण्याआधी ऐन हिवाळ्यात जुने पाडून वाढते कुटुंब उघड्यावर आणणे शहाणपणाचे नाही. ही तर कागदाच्या होडीतून वादळाला तोंड देण्याची तयारी झाली.

सर्वांत वजनदार भाग त्यानंतर येतो. परदेशांशी तह करण्याआधी आपापसांत तह व्हायला हवा, असे तो म्हणतो. वसाहतींना एकत्र बांधणाऱ्या महासंघाच्या कराराचा मसुदा करणाऱ्या समितीत तो स्वतः होता आणि तिथे जवळजवळ प्रत्येक कलमावर भांडण चालू असल्याचे त्याला आतून माहीत होते. कोणत्या वसाहतीची हद्द कुठे संपते, पश्चिमेकडच्या अफाट जमिनी कुणाच्या, हे आधी ठरवा, मग फुटून निघा. व्हर्जिनिया आपल्या जुन्या सनदेच्या आधाराने पश्चिमेकडच्या अमर्याद प्रदेशावर हक्क सांगत होती. कनेक्टिकटचे लोक पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या वायोमिंग खोऱ्यात वस्ती करून बसले होते आणि तिथे दोन वसाहतींच्या वसाहतकऱ्यांत गोळीबारही झाला होता. आजवर असे वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाकडे, नेता येत होते. ते दार बंद झाल्यावर न्यायनिवाडा कोण करणार, हा प्रश्न जमिनीच्या कज्ज्यांत मुरलेल्या माणसाला सुचला यात नवल नाही. पुढेमागे हडसन नदीपाशी या संघाचे दोन तुकडे होतील अशी शंकाही त्या टिपणांत आहे.

ॲडम्सने त्याला उत्तर दिले आणि संध्याकाळच्या मतमोजणीत नऊ वसाहती ठरावाच्या बाजूने निघाल्या. पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅरोलायना विरुद्ध होत्या, डेलावेअर दुभंगलेली होती आणि न्यू यॉर्कच्या प्रतिनिधींना मत देण्याचा अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशी डेलावेअरचा सीझर रॉडनी रात्रभर प्रवास करून आला, दक्षिण कॅरोलायनाने भूमिका बदलली, आणि डिकिन्सन व मॉरिस बाजूला राहिले.

या गैरहजेरीला पळवाट म्हणणे सोपे आहे, पण पर्याय काय होते ते पाहावे. होकार दिला असता तर आदल्या दिवशीची आपलीच मांडणी त्याने चोवीस तासांत खोटी ठरवली असती. नकार दिला असता तर तेरांपैकी अकरा वसाहती एका बाजूला आणि ज्या शहरात काँग्रेस भरली होती त्याच वसाहतीचा नकार दुसऱ्या बाजूला, असे चित्र इंग्लंडपुढे गेले असते, तेही मागे असेंब्लीचे पाठबळ नसताना. त्याने मत बदलले नाही आणि अडवलेही नाही. एखादा दावा हरल्याचे स्पष्ट दिसत असताना अशिलाचे अधिक नुकसान न करणारा मार्ग वकील शोधतो, त्या जातीचा हा निर्णय आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र त्याने कधीच केली नाही. सही केलेल्यांपैकी काही जण जुलैच्या मतदानाला तिथे नव्हतेच, हे ध्यानात घेतले तर त्याची सही नसणे हा जाणीवपूर्वक पाळलेला नियम वाटतो.

भित्रेपणाचा आरोप त्याच महिन्यात ढासळतो. फिलाडेल्फियाच्या नागरी सेनेच्या पहिल्या तुकडीचा तो कर्नल होता. काँग्रेसमधून उठून तो ती तुकडी घेऊन न्यू जर्सीतल्या एलिझाबेथटाउनला इंग्रजांच्या समोर गेला. क्वेकर शांततावादाच्या स्पष्टीकरणालाही इथे जागा उरत नाही. तो तिकडे असतानाच पेनसिल्व्हेनियाच्या नव्या अधिवेशनाने त्याला प्रतिनिधींच्या यादीतून वगळले आणि सप्टेंबरअखेर त्याने सैन्यातल्या पदाचा राजीनामा दिला. मालमत्तेच्या भीतीविषयी म्हणायचे तर, गॅलोवे हा त्याच शहरातला, त्याच वर्गातला वकील आणि जमीनदार राजाकडे गेला आणि त्याची इस्टेट क्रांतिकारकांनी जप्त केली. डिकिन्सन या बाजूला राहिला आणि फेअरहिल इंग्रजांनी नोव्हेंबर १७७७ मध्ये जाळले. दौलत सुरक्षित राहील अशी बाजूच त्या वर्षी उपलब्ध नव्हती.

एक गोष्ट मात्र त्याच्या विरोधात नोंदवायला हवी. डिसेंबर १७७६ मध्ये इंग्रज न्यू जर्सी तुडवत येत असताना, कर्जरोखे आणि गहाणखतांपोटी काँग्रेसचा कागदी पैसा आता घेऊ नये असे सुचवणारी चिठ्ठी त्याने भाऊ फिलेमनसाठी लिहिली आणि ती अधिकाऱ्यांच्या हाती पडली. सावकाराच्या दृष्टीने ती व्यवहार्य होती. ज्या पैशावर वॉशिंग्टनचे सैन्य जगत होते त्याच्या दृष्टीने घातक होती. १७८२ मध्ये तो पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष, म्हणजे राज्याच्या कार्यकारी मंडळाचा प्रमुख, होण्याच्या सुमारास विरोधकांनी वर्तमानपत्रातून त्याच्यावर चार आरोप ठेवले: स्वातंत्र्याला विरोध, राज्याच्या १७७६ च्या घटनेला विरोध, तुकडी सोडून जाणे आणि कागदी चलनाचे नुकसान. त्याने जाहीर उत्तर दिले. पहिल्या आरोपावर त्याने सांगितले की आपला विरोध स्वातंत्र्याला नव्हता, ते त्या वेळी जाहीर करण्याला होता.

त्या वेळी म्हणजे नेमके केव्हा, यावर त्याची बाजू सर्वांत कमकुवत पडते. फ्रान्सबद्दल तो अर्धा बरोबर ठरला. साराटोगाच्या लढाईत इंग्रजांवर मिळालेल्या विजयानंतर, फेब्रुवारी १७७८ मध्येच तह झाला. परंतु स्वतःला अजून इंग्लंडच्या राजाची प्रजा म्हणवणाऱ्यांशी फ्रान्सने उघड तह केला असता असे मानायला आधार नाही. महासंघाच्या बाबतीत त्याची भीती पुरेपूर खरी ठरली. १२ जुलै १७७६ ला काँग्रेसपुढे आलेल्या त्याच्या मसुद्यात वसाहतींच्या पश्चिम सीमा ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला होता. काँग्रेसने तो गाळला. करार नोव्हेंबर १७७७ मध्ये संमत झाला, १७७९ मध्ये डिकिन्सनने त्यावर डेलावेअरच्या वतीने सही केली, आणि व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडच्या दाव्यांपायी मेरीलँड अडून बसल्याने तो १ मार्च १७८१ पर्यंत अमलातच आला नाही. म्हणजे त्याने निदान बरोबर केले होते, पण सांगितलेले पथ्य पाळले असते तर स्वातंत्र्याची घोषणा जवळपास पाच वर्षे लांबली असती. युद्ध तोवर थांबले नसते. वकिलाला तारीख पुढची मागता येते, हे खरे. जुलै १७७६ मध्ये इंग्रजांचे आरमार न्यू यॉर्कच्या बंदरात शिरत होते.

वायोमिंगचा वाद त्याच महासंघाच्या नवव्या कलमाखाली नेमलेल्या न्यायमंडळापुढे ट्रेंटनला चालला आणि ३० डिसेंबर १७८२ रोजी निकाल पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने लागला. डिकिन्सन तेव्हा त्या राज्याचा अध्यक्ष होता. प्रिव्ही कौन्सिलच्या जागी कोण, या १७७६ च्या त्याच्या प्रश्नाला हे उत्तर होते. त्या कलमाखाली अखेरपर्यंत चालून निकाली निघालेला राज्याराज्यांमधला हा एकच हद्दीचा दावा होय. निकालाने प्रदेश कोणत्या राज्याचा हे ठरले. तिथे वसलेल्या कनेक्टिकटवाल्यांच्या शेतांची खासगी मालकी तशीच अनिर्णित राहिली, डिकिन्सनच्या कारकिर्दीतच १७८४ मध्ये खोऱ्यात पुन्हा बंदुका चालल्या, आणि त्या जमिनींचे कागद १७९९ च्या तडजोडीच्या कायद्यानंतरच मार्गी लागू लागले.